टॅली काउंटर चांगलाय, पण सोबत कागद-पेन हवंच

अंगठ्याने दाबायचा तो स्टीलचा टॅली काउंटर असतो ना, चार आकड्यांचा, ०००० पासून ९९९९ पर्यंत जाणारा, तो मी चौकातल्या गाड्या मोजायला वापरतेय. नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. सेल नाही, चार्जिंग नाही, बोटात अडकवायला रिंग आहे आणि दाबलं की टक् वाजतं त्यामुळे आकडा पुढे गेला हे न बघता कळतं. सिग्नल सुटला की टू-व्हीलरचा जो लोंढा येतो तेव्हा कागदावर रेघा मारत बसणं शक्यच नसतं, तिथे हाच पाहिजे.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. एखादं बटण जास्त दाबलं गेलं तर मागे जायची सोय नाही. अर्धवट दाबलं तर आकडा दोन घरांच्या मधे अडकतो, ७ आहे का ८ कळतच नाही. आणि शून्यावर आणायची बाजूची चावी माझ्या पीसला फार सैल आहे, बॅगेत टाकला की फिरलाच, त्यामुळे आकडा लिहून घेतल्याशिवाय हातातून सोडायचा नाही.

पण खरा प्रॉब्लेम हा की काउंटर फक्त एकूण सांगतो. ४१२ आले, बरं, पण त्यात बस किती, ट्रक किती, सुरुवातीला किती गेल्या नि नंतर किती, यातलं काहीच त्याच्यात नाही. मोजणी झाली, नोंद नाही झाली. त्यासाठी साधा तक्ताच लागतो, डावीकडे वाहनाचा प्रकार, मधे ताळ्याच्या खुणा (दर गाडीला एक रेघ), उजवीकडे वारंवारता (त्या प्रकारच्या एकूण किती), शाळेत सांख्यिकीत करायचो तोच, फक्त दर १५ मिनिटांना नवा रकाना. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावरून तिरकी. हे पाचाचे गठ्ठे उगाच नाहीत हां, तीन-चार रेघा बघताक्षणी ओळखू येतात, त्यापुढे एकेक मोजायला लागते, म्हणून तिथेच गठ्ठा बांधून टाकायचा आणि शेवटी पाच, दहा, पंधरा म्हणत जायचं. चीन-जपानमधे यासाठी पाच फटकाऱ्यांचं एक अक्षर लिहितात, ब्राझीलकडे चौकोनाच्या चार बाजू आणि एक कर्ण काढतात, म्हणजे पाच सगळीकडे आहेच. जंगलात झाडं मोजणाऱ्यांची पद्धत मात्र १० ची, आधी चार ठिपके, मग ते जोडणाऱ्या चार रेघा, मग दोन कर्ण. जागा खूप कमी लागते, रकाना लहान असेल तर मला हीच आवडते, पण तक्ता दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर सरळ रेघाच मारा, त्या सगळ्यांना वाचता येतात.

आणि कागदावर संशय आला तर परत मोजता येतं, कुठल्या रकान्यात गडबड झाली ते दिसतं. गठ्ठे सारख्या आकाराचे काढले तर कुठली रांग लांब आहे त्यावरून बेरीज करायच्या आधीच अंदाज येतो.

म्हणून मी आता दोन्ही वापरते, काउंटर फक्त टू-व्हीलरला आणि बाकी सगळं रेघांनी. पाचपैकी साडेतीन स्टार देईन, एक गेला सैल चावीचा, अर्धा अडकणाऱ्या आकड्याचा. आणि घेतलात तर दर १५ मिनिटांनी शून्य करू नका, चावी फिरवेपर्यंत चार गाड्या निघून जातात. चालू ठेवा आणि दिसेल तो आकडा नुसता लिहा, सव्वाआठला १८७, साडेआठला ४१२, म्हणजे मधल्या वेळात २२५ गेल्या, ती वजाबाकी घरी जाऊन निवांत करता येते.