वॅराटा की गुलाबी हीथ?

ऑस्ट्रेलियातल्या दोन शेजारी राज्यांनी राज्यफूल म्हणून आपापल्या रानातलं झुडूप निवडलं. व्हिक्टोरियाने १९५८ साली गुलाबी हीथ, तर न्यू साउथ वेल्सने १९६२ साली वॅराटा.

वॅराटा लांबूनच नजर खेचतो. माणसाहून उंच झुडूप, चिवट दातेरी पानं आणि फांदीच्या टोकाला लालभडक गेंद. जवळ गेल्यावर कळतं, की हे एक फूल नाहीच. शंभर-दोनशे चिमुकली फुलं दाटीवाटीने बसलेली असतात आणि त्यांच्याखाली लाल छदांचा, म्हणजे पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या रंगीत पानांचा, घेर असतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो बुंध्याशी जमिनीत दडलेला लाकडी गड्डा. वणव्यात वरचं सगळं जळालं तरी तिथूनच नवे धुमारे फुटतात. वणवे नेहमीचेच असलेल्या प्रदेशाने हे झुडूप निवडावं, हे अगदी योग्य! बागेत मात्र त्याला जपावं लागतं. पाण्याचा निचरा उत्तम हवा, आणि फॉस्फरसचं खत त्याला सोसत नाही.

हीथ जेमतेम कमरेएवढी, काटकुळी, बोचऱ्या पानांची. चित्रात, बोधचिन्हात ती वॅराटापुढे फिकी पडते, हे मान्य. पण तिकडच्या जून-जुलैच्या थंडीत, रान बरंचसं सुनं असताना, ती फुललेली असते. फूल नळीसारखं, बुडाशी पाच नाजूक खळगे. लांब, बाकदार चोचीचे स्पाइनबिल पक्षी त्यातला मध पितात. एकाच राज्यफूलाला कौल द्यायचा झाला, तर माझा हीथला. रानात ती पांढरी आणि लालही फुलते. व्हिक्टोरियाने त्यातली गुलाबीच घेतली.