रॉयल कॅम: एकाच घरट्यावर लावलेला कॅमेरा, तीन सीझन बघून झाल्यावर

न्यूझीलंडच्या संवर्धन विभागाचा रॉयल कॅम मी आता तिसरा सीझन बघतेय, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या उत्साहात लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा. डनीडिनजवळ ताइआरोआ हेड नावाचं समुद्रात घुसलेलं टोक आहे, तिथे नॉर्दर्न रॉयल अल्बट्रॉस हे प्रचंड मोठे समुद्रपक्षी विणीला येतात आणि त्यातल्या एका घरट्यावर २०१६ पासून दर सीझनला कॅमेरा असतो. चोवीस तास लाइव्ह, फुकट, रात्री इन्फ्रारेड.

पहिल्यांदा उघडलं की वाटतं काहीच होत नाहीये, गवत हलतंय, पक्षी बसलाय, बस्स. पण थांबा. जोडी दोन वर्षांतून एकदाच विणीला येते, अंडं एकच, ते दोघं आळीपाळीने जवळपास अकरा आठवडे उबवतात आणि मग पिल्लू उडायला आठेक महिने घेतं. तीन मीटर पसरणारे पंख असे दोन-तीन महिन्यांत कुठून येणार! सुरुवातीचे पाच-सहा आठवडे आईबापापैकी एक सोबत असतो, नंतर पिल्लू एकटं, दोघंही समुद्रावर, कोणीतरी येतं, खाऊ भरवतं आणि थोड्या वेळात परत जातं.

मला सगळ्यात आवडतं ते रेंजर लोकांचं काम. पिल्लाचं दर आठवड्याला वजन होतं, कमी भरलं तर वरचं खाणं देतात. उन्हाळ्यात फार तापलं तर स्प्रिंकलर लावतात, कारण हा थंड वाऱ्यातला पक्षी, घरट्यावर बसून धापा टाकतो बिचारा. अंड्याला तडा जायला लागला की माश्या तिथेच अंडी घालतात आणि अळ्या पिल्लाला मारू शकतात, म्हणून अंडं उचलून इन्क्युबेटरमध्ये ठेवतात, खाली नकली अंडं सरकवतात, आई शांतपणे तेच उबवत बसते, आणि पिल्लू नीट बाहेर आलं की परत तिच्या पोटाखाली. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी श्वास रोखून बसले होते.

ही राखण काही आजची नाही. तिथे पहिलं अंडं १९२० मध्ये सापडलं पण पहिलं पिल्लू सुखरूप उडालं ते १९३८ मध्ये, मधली वर्षं माणसं, कुत्री आणि स्टोटसारख्या शिकारी प्राण्यांनी खाल्ली. लान्स रिचडेल नावाचे शिक्षक तिथे तंबू ठोकून राहिले म्हणून ते एक वाचलं. १९३७ मध्ये प्रौढ असताना पायात ओळखीची रिंग घातलेली 'ग्रँडमा' नावाची मादी १९८९ पर्यंत दिसत होती! आज कॉलनीत अडीचशेच्या आसपास पक्षी आहेत. वाढ इतकी हळू का ते इथे डोळ्यांनी कळतं, पिल्लू उडालं की चारपाच वर्षं समुद्रावरच, आणि परत आल्यावरही विणीला बसेपर्यंत आणखी काही वर्षं जातात, म्हणून एक प्रौढ पक्षी गेला तर त्याची जागा भरायला जवळजवळ दशक लागतं. ओजीके नावाचा नर होता (ही नावं पायातल्या रिंगांच्या रंगांवरून पडतात), लंगडत चालायचा, लोकांचा प्रचंड लाडका. एका वर्षी तो परत आलाच नाही आणि त्याची जोडीदार वायआरके वाट बघत राहिली. मला अजून आठवलं की घशात आवंढा येतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, हे एकच घरटं आहे. इथलं पिल्लू जगलं म्हणजे अख्ख्या जातीचं बरं चाललंय असं नाही. बहुतेक सगळे नॉर्दर्न रॉयल चॅथम बेटांवर वीण घालतात, तिथे १९८५ च्या वादळाने माती आणि झाडोरा उडवून नेला, मग उघड्या खडकावर अंडी फुटायची, आणि तिथे प्रत्येक अंड्यामागे रेंजर नाही. म्हणून फीडसोबत विभागाच्या अपडेट्सही वाचा, नाहीतर चित्र अर्धंच मिळतं.

दुसऱ्या एका समुद्रपक्ष्याच्या कॅमेऱ्यावर (नाव घेत नाही) वरून संगीत लावलेलं होतं, मी दोन दिवसांत सोडला. इथे फक्त वारा आणि चोचींची खटखट. मधेच अडकतं कधीकधी, पेज रिफ्रेश केलं की चालतं.

माझ्याकडून पाचपैकी पाच. सुरुवात जानेवारीच्या शेवटी करा, अंड्यातून पिल्लू बाहेर यायच्या वेळेला. आणि सप्टेंबरमध्ये जोराचा वारा सुटला, पिल्लू पंख उघडून घरट्याच्या आसपास उड्या मारायला लागलं, की टॅब बंद करू नका, ते कोणालाही न सांगता जातं.