ऑर्डर पाळत नाहीत, मग दरखास्त करायची की ऑर्डरच बदलून घ्यायची?

घटस्फोटाची ऑर्डर हातात पडली की वाटतं सुटलो एकदाचे, आणि मग काही महिन्यांत पोटगी तरी थांबते नाहीतर मुलांना भेटू देणं तरी बंद होतं. अशा वेळी घाईत भलताच अर्ज टाकून वर्ष घालवू नका, म्हणून लिहितेय.

ऑर्डर ठीक आहे पण समोरचा पाळत नाही, तर अंमलबजावणीचा अर्ज, म्हणजेच दरखास्त. पोटगी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली असेल (१ जुलै २०२४ पासून ते बीएनएसएसचं, म्हणजे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १४४ झालंय) तर थकबाकीच्या वसुलीचा अर्ज करायचा, कोर्ट वॉरंट काढतं, तरी नाही भरले तर प्रत्येक थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद, आणि आत जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही बरं का. पण रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. "देईल देईल" करत मी चौदा महिने थांबले, पहिल्या दोन महिन्यांचं वॉरंट मागायची वाटच बंद झाली.

परिस्थिती खरंच बदलली असेल, नोकरी गेली, आजारपण आलं, मूल मोठं झालं, तर बदलाचा अर्ज. अशा पोटगीसाठी बीएनएसएसचं कलम १४६ आहे, मुलांच्या ताब्याचे हुकूम तर कायमचे नसतातच, सुप्रीम कोर्टानं १९७३ लाच ते सांगितलंय. फक्त नवीन ऑर्डर येईपर्यंत जुनीच चालू, स्वतःच्या मनानं पोटगी कमी केली तर ती थकबाकीच धरतात. आणि मुलांना भेटू देत नाहीत म्हणून पैसे अडवायचे, हे तर अजिबात करू नका.

माझ्या भावाचं वेगळंच होतं. त्याच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं, महिन्यातून दोनदा भेट, "दोघांच्या सोयीनुसार". तो लेकीसाठी चित्रांची वही घेऊन बिल्डिंगखाली उभा राहायचा आणि वरून मेसेज यायचा, आज सोय नाही. दरखास्त केली तर मोडलं काय हेच दाखवता येईना! म्हणून माझं स्पष्ट मत, ऑर्डर मोघम असेल तर आधी ती बदलून घ्या. त्यानं घेतली: पहिला आणि तिसरा शनिवार, ११ ते ६, कुठून न्यायचं, कुठे सोडायचं, सुट्टी निम्मी निम्मी. त्यानंतर एकच शनिवार हुकला, आणि त्याची दरखास्त एका पानात बसली.