कीवर्ड की सीपीसी कोड? पेटंट शोधायला बसण्याआधी

पेटंट शोधायला एस्पासनेट ही युरोपीय पेटंट कार्यालयाची साइट वापरू की गूगल पेटंट्स, असं बरेच जण विचारतात. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. दोन्ही फुकट आहेत, जगभरातले दस्तऐवज दोन्हीकडे उघडतात, ज्यावर हात बसला ते वापरावं. खरी निवड त्यानंतरची: शोधाच्या चौकटीत शब्द टाकायचे, की वर्गीकरणाचा कोड, म्हणजे प्रत्येक दस्तऐवजाला त्याच्या विषयानुसार लावलेली खूण? पहिली तीन वर्षं मी शब्दांवर भिस्त ठेवली. आता कोडकडे वळलोय.

शब्दांचा फायदा उघड आहे. काही शिकावं लागत नाही. एखाद्या कंपनीने काय काय नोंदवलंय ते बघायचं असेल तर अर्जदाराचं नाव टाकलं की काम झालं. औषधं-रसायनांत तर ठरलेली नावं असतात, तिथे शब्द चांगले चालत असावेत. तो माझा प्रांत नाही. याउलट सीपीसी, म्हणजे युरोपीय आणि अमेरिकी पेटंट कार्यालयांनी मिळून २०१३ पासून सुरू केलेलं वर्गीकरण, पहिल्यांदा उघडलं की छातीच दडपते. अडीच लाखांच्या आसपास नोंदी आहेत.

तरी मी शब्द सोडले, ते एकाच त्रासामुळे. आमच्या वर्कशॉपमध्ये मक्यासाठी हाताने ढकलायचं टोकण यंत्र बनवत होतो. उभी चकती, तिच्या कडेला खळगे, प्रत्येक खळग्यात एक दाणा. दोन दाणे बसले तर जादाचा झाडून टाकायला वर एक ब्रश. हा ब्रश आपला नवा, अशी माझी पक्की समजूत. खात्री करायला शोधायला बसलो. पाभरीला इंग्रजीत सीड ड्रिल म्हणतात, म्हणून 'ड्रिल' टाकलं, तर लोखंडाला भोकं पाडणारी यंत्रं आणि तेलविहिरी समोर. 'प्लँटर' टाकलं, तर फुलझाडांच्या कुंड्या. 'सीड' आणि 'ब्रश' जोडून शीर्षकात आणि सारांशात शोधलं, तेव्हा कुठे यादी आटोक्यात आली. त्यात माझ्यासारखं काही दिसलं नाही. तीन संध्याकाळी घालवून मी निर्धास्त झालो आणि साचे करायला टाकले.

पुढे अर्जाच्या तयारीत पेटंट एजंट मॅडम म्हणाल्या, "साहेब, शब्द राहू द्या. कोड लावा आणि नुसती चित्रं बघत चला." पंधरा-वीस मिनिटांत एक जपानी दस्तऐवज निघाला. आकृती तीनमध्ये तीच उभी चकती, तेच खळगे, आणि घड्याळात एक वाजता तासकाटा जिथे असतो, नेमका तिथे तिरका बसवलेला ब्रश. सारांशाच्या इंग्रजी भाषांतरात ना 'सीड' होतं, ना 'ब्रश'. बियाण्याला 'कणरूप पदार्थ' म्हटलं होतं आणि ब्रशला 'लवचिक घटक'.

यात लबाडी काही नाही. दाव्यात, म्हणजे कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या भागात, 'बियाणं' एवढंच लिहिलं तर तीच रचना खतासाठी वापरणारा सुटून जाईल, म्हणून लिहिणारा जाणूनबुजून रुंद शब्द घेतो. वर भाषांतर झालं की शब्द आणखी एक पाऊल लांब जातो. पूर्ण मजकुरात शोधलं असतं तर कदाचित सापडलाही असता, पण मग यादी इतकी लांब झाली असती की मी तिथवर पोचलो नसतो. नको ते निकाल गाळता येतात. जो दस्तऐवज यादीतच आला नाही, तो मात्र आला नाही हेही आपल्याला कळत नाही. माझा शब्दांवरचा विश्वास तिथे उडाला.

कोडला भाषेशी देणंघेणं नसतं. ए०१सी हा पेरणी, लागवड आणि खत देण्याचा उपवर्ग. त्यातला ७/०४ म्हणजे एकेक दाणा टाकणारी यंत्रं. हवेवर चालणारी हवी असतील तर त्याच्या पोटात ७/०४२. (टाईप करायचं रोमन अक्षरांत.) जपानी असो, जर्मन असो, वर्ग करणारा रचना बघून कोड लावतो. जुन्या, स्कॅन केलेल्या दस्तऐवजांत हे फार उपयोगी पडतं, कारण यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरं चुकलेली असतात आणि शब्द जुळत नाहीत.

कोड पाठ करावे लागत नाहीत. शब्दांनी ओबडधोबड शोधा, आपल्या कामाशी जवळचे दोन-तीन दस्तऐवज उघडा, त्यांत कुठला कोड पुन्हा पुन्हा येतो ते बघा. तो उचला आणि शब्द पुसून टाका. तेवढ्यापुरते शब्द मला अजूनही लागतात.

भारतातले अर्ज बघायला इनपास ही आपल्या पेटंट कार्यालयाची शोध-साइट आहे. तिथे आयपीसीचा, म्हणजे जुन्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा रकाना भरता येतो. आयपीसी सीपीसीपेक्षा ठोकळ आहे, पण ए०१सी ७/०४ दोन्हींत आहे. आपल्याकडे अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत होतात, तेव्हा तिफण, पाभर, टोकण हे शब्द घेऊन तिथे बसण्यात अर्थ नाही.

कोडही चुकतो, हे सांगायला हवं. कधी दस्तऐवज शेजारच्या वर्गात पडलेला असतो, आणि अगदी ताज्या दस्तऐवजांना सीपीसी लागायला वेळ जातो. म्हणून मी शेजारचे दोन कोडही चाळतो. शिवाय अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्याआधीचं कुठल्याच वाटेने दिसत नाही.

एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि काम यंत्राचं असेल, तर मी ती कोडला देईन. यादी मोठी वाटली तर वर्षांनी किंवा देशांनी तोडा, शब्द घालून नको. शीर्षकं वाचू नका, आकृत्याच बघत चला. आमचा ब्रश दाव्यातून गेला. तो ज्या स्प्रिंगवर बसवला होता ती मात्र कुठल्याच आकृतीत दिसली नाही, आणि अर्ज तिच्यावर केला.