संक्रमणकाळातल्या पाळकाने स्वतःला तपासायचं कसं? चार पद्धती समोरासमोर

चर्चचे जुने पाळक (धर्मगुरू) गेले, नवे अजून ठरले नाहीत आणि मधल्या काळासाठी मंडळी, म्हणजे चर्चचा सभासदवर्ग, तुमच्या हाती सोपवली आहे. आपलं काम कसं चाललंय हे या काळात ओळखणं नेहमीपेक्षा अवघड असतं, कारण हाताशी असलेली मापं फसवतात. उपस्थिती घटली तर ते तुमचं अपयश असेलच असं नाही. लोक अजून गेलेल्या पाळकांच्या वियोगात असतील. उपस्थिती वाढली तर तो निव्वळ सुटकेचा निःश्वासही असू शकतो. आणि कमिटीतले दोघे-तिघे येऊन म्हणाले, "आता दुसरं कुणी नको, तुम्हीच राहा," तर ते कौतुक कमी आणि धोक्याची सूचना जास्त आहे. पुढच्या पाळकासाठी मंडळी तयार करायला तुम्हाला पाठवलंय. ती तुमच्यात गुंतून बसली तर काम अडलंय.

म्हणून आत्मपरीक्षणाची पद्धत निवडताना एक प्रश्न आधी विचारावा: ती "मी चांगला पाळक आहे का" हे तपासते, की "मी इथल्या मधल्या काळाला उपयोगी पडतोय का" हे? पुढच्या चारही पद्धती मी याच कसोटीवर लावतो आहे.

गुण देण्याचा फॉर्म

सगळ्यात सोपी आणि बहुधा सगळ्यात आधी हातात पडणारी पद्धत. उपदेश, भेटी, प्रशासन, वाद मिटवणं अशी यादी आणि प्रत्येकासमोर १ ते ५. तासाभरात काम उरकतं. एरवी नजरेआड राहणारे विषय समोर येतात, हा याचा खरा फायदा.

मात्र यादी मधल्या काळासाठी बनवलेली हवी. अमेरिकेत लोरेन मीड यांनी १९७४ मध्ये चर्चच्या मंडळ्यांना सल्ला देणारी अल्बन इन्स्टिट्यूट सुरू केली. तिच्या कामातून अंतरिम काळातल्या मंडळीची पाच कामं पुढे आली: आपल्या इतिहासाशी समेट, नव्या ओळखीचा शोध, नेतृत्वातले बदल पचवणं, व्यापक चर्चशी नातं पुन्हा जोडणं आणि नव्या पाळकाला मनापासून स्वीकारण्याची तयारी. फॉर्ममध्ये ही पाच कामं नसतील तर तो कायमच्या पाळकासाठीचा आहे. तो तुमच्या कामाचा नाही.

दुसरी अडचण गुण देणाऱ्याची. कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांच्या १९९९ च्या अभ्यासात ज्यांची कामगिरी सर्वांत कमी होती, त्यांनीच स्वतःला प्रत्यक्षापेक्षा कितीतरी वर धरलं होतं. पाळकांच्या बाबतीत उलटही घडतं: नम्रता दिसावी म्हणून ५ च्या जागी ३ लिहिला जातो. दोन्हींवर एकच उपाय, प्रत्येक आकड्यासमोर एका घटनेचा पुरावा लिहायचा. घटना आठवत नसेल तर आकडा खोडायचा.

(व्यक्तिमत्त्व चाचण्यांबद्दलही विचारणा होते. मायर्स-ब्रिग्ज तुम्हाला १६ पैकी एका प्रकारात बसवते. त्यातून फार तर कल कळतो, कुवत नाही. हौस म्हणून जरूर करा. त्यावर निर्णय घेऊ नका.)

रोजचं आत्मपरीक्षण

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातली ही पद्धत: उपकारस्मरण, प्रकाशासाठी प्रार्थना, दिवसाचा आढावा, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. ना फॉर्म लागतो, ना कुणाची परवानगी. हेतू तपासायला हिच्याइतकी धारदार पद्धत दुसरी नाही. "आज कमिटीत मी गप्प बसलो, ते शहाणपणानं की भीतीनं?" असा प्रश्न कुठल्याही छापील प्रश्नावलीत सापडणार नाही.

मर्यादाही तितकीच उघड आहे: आरोपी तुम्ही आणि न्यायाधीशही तुम्हीच. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या जोहरी खिडकीत, म्हणजे आपल्याविषयी कुणाला काय दिसतं हे दाखवणाऱ्या आकृतीत, एक आंधळा कप्पा असतो: इतरांना दिसतं, आपल्याला दिसत नाही. हा कप्पा एकट्यानं गुडघे टेकून उघडत नाही. रोज करावं, पण तेवढ्यावर भागवू नये.

मंडळीचा अभिप्राय

आंधळा कप्पा उघडायचा तर लोकांनाच विचारायला हवं. इंग्लंडच्या चर्चमध्ये २००९ च्या सेवाशर्तींनुसार सेवकांचा आढावा किमान दोन वर्षांतून एकदा घ्यावा लागतो. वर्ष-दीड वर्षासाठी आलेल्या माणसाला ते वेळापत्रक निरुपयोगी, म्हणजे वेगळी सोय करावी लागणार. पण कधी?

पहिल्या काही महिन्यांत नको, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा मिळणारं उत्तर तुमच्याबद्दल नसतंच. गेलेल्यांवरचा राग किंवा जिव्हाळा तुमच्या खात्यात जमा होतो. जरा स्थिरावल्यावर विचारा आणि प्रश्न कामाचे ठेवा. "पाळकसाहेब कसे वाटतात?" याला एक तर गोड उत्तर येतं, नाही तर तिखट. "पूर्वी अडकलेला कोणता निर्णय आता सुटला?", "कोणती गोष्ट अजूनही कुजबुजतच बोलली जाते?" या प्रश्नांना उपयोगी उत्तरं येतात. अभिप्राय तुम्ही स्वतः गोळा करू नका. डायोसिस किंवा सिनॉडच्या (मंडळ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या चर्चच्या वरच्या संस्थेच्या) माणसाकडे सोपवा. आणि मोठ्या आवाजात बोलणारे म्हणजे अख्खी मंडळी नव्हे, एवढं ध्यानात असू द्या.

संभाषणाचं शब्दशः टिपण

माझा कौल हिला. अँटन बॉइसन यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन जे प्रशिक्षण सुरू केलं, त्या परंपरेत ही रीत रुजली. पाळकीय प्रशिक्षणात तिला व्हर्बॅटिम म्हणतात. झालेलं संभाषण आठवून जसंच्या तसं लिहायचं, बाजूला त्या क्षणी मनात काय आलं ते टिपायचं आणि मग सहकाऱ्याबरोबर वाचायचं. उदाहरणादाखल एक काल्पनिक टिपण:

सभासद: आधीचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा तरी आईला भेटायला यायचे.
पाळक: हो, पण सध्या कमिटीचं काम फार आहे. पुढच्या आठवड्यात बघतो. *(मला टोमणा वाटला.)*
सभासद: नाही नाही, सहज म्हटलं.

तीन ओळी, पण सहकारी इथेच थांबवेल. "टोमणा कुठल्या शब्दात होता?" शोधून सापडत नाही. त्या बाई गेलेल्या पाळकांची आठवण काढत होत्या. ऐकणाऱ्यानं ती आठवण आपल्याशी केलेली तुलना समजली आणि सफाई दिली. "सहज म्हटलं" म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. "भेटींबाबत मी ४" असं फॉर्ममध्ये लिहिणारा पाळक हा क्षण कधीच पाहणार नाही. रात्रीच्या आत्मपरीक्षणात तो "मी चिडलो" एवढंच म्हणेल. अभिप्रायात त्या बाई काहीच लिहिणार नाहीत. मधल्या काळात बरीच संभाषणं याच जातीची असतात, म्हणून ही पद्धत इथे इतकी लागू पडते.

किंमत मोजावी लागते. एक टिपण लिहायला तास-दीड तास सहज जातो, आणि स्मरणशक्ती आपली वाक्यं आपसूक गुळगुळीत करते. त्यामुळे त्याच दिवशी लिहिलेलं बरं. नावं, ओळख पटेल असे तपशील बदलायचे आणि काम झालं की कागद फाडायचा. सहकारी मंडळीबाहेरचा हवा, आणि तुमची पुढची नेमणूक ज्याच्या हातात आहे असा वरिष्ठ तर मुळीच नको.

मग कुणी काय घ्यावं?

अवघ्या तीन-चार महिन्यांसाठी गेला असाल तर रोजचं आत्मपरीक्षण आणि महिन्याला एक टिपण पुरे. अभिप्रायाच्या फंदात पडू नका. वर्षभर किंवा अधिक असाल तर पाच कामांचा फॉर्म सुरुवातीला आणि शेवटी भरा, मधे टिपणं, आणि अर्धा काळ उलटल्यावर एकदा अभिप्राय.

आधीचे पाळक गैरवर्तनामुळे गेले असतील तर एकट्यानं करायची कुठलीही पद्धत अपुरी आहे. तिथला अविश्वास तुमच्या अंगावर येतो आणि काही दिवसांनी तुम्हालाही स्वतःवर संशय येऊ लागतो. बाहेरचा अनुभवी मार्गदर्शक पहिल्या आठवड्यापासूनच मागून घ्या.

आणि तुम्हालाच तिथे कायमची नेमणूक हवी असेल तर? अनेक चर्चमध्ये अंतरिम पाळकाला उमेदवार होता येत नाही, आणि या नियमात शहाणपण आहे. नियम नसेल तिथे आधी ठरवा आणि वरिष्ठांना तसं सांगा. उमेदवारी मनात ठेवून घेतलेला अभिप्राय म्हणजे प्रचार. आणि अशा वेळी गुणांच्या फॉर्मवर कुणाला चुकूनही ३ सुचत नाही.