जुना आय-फाइव्ह, जीटी १०३० आणि फोर-के टीव्ही: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

आधी निकाल. घरात हार्ड डिस्का भरून सिनेमे, जुन्या मालिकांची रेकॉर्डिंग आणि लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली पडून असतील, तर ही जोडणी (जुना पीसी, त्यात एक ग्राफिक्स कार्ड आणि समोर टीव्ही) अजूनही पैसे वसूल करते. फक्त ओटीटी आणि यूट्यूब बघायचं असेल तर या भानगडीत पडू नका. नव्या कार्डाच्या पैशांत फोर-के स्टिक येते आणि ती हे काम जास्त चांगलं करते.

मशीन म्हणजे ऑफिसातून निघालेला स्मॉल फॉर्म फॅक्टर डेस्कटॉप. आय-फाइव्ह ३४७० (इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर), ८ जीबी रॅम, २४० वॉटचा पॉवर सप्लाय, नव्याने घातलेली एसएसडी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असे डबे अजून थप्पीने मिळतात. कार्ड एनव्हिडियाचं जीटी १०३०, २ जीबी, जीडीडीआर५ (कार्डावरच्या मेमरीचा प्रकार). टीव्ही ४३ इंची फोर-के. विंडोज १० वर कोडी २१, म्हणजे फाइली टीव्हीवर चालवणारा प्लेअर प्रोग्राम.

मुळात कार्ड कशाला? या पिढीचं अंगचं ग्राफिक्स एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची जुनी पद्धत) सहज उलगडतं, पण एचईव्हीसी (तिच्या पुढची, फोर-के फाइलींची) त्याला येतच नाही. मग १०-बिट फोर-के फाइल लावली की सगळा भार प्रोसेसरवर पडतो, चारही कोअर शंभर टक्क्यांना टेकतात आणि चित्र स्लाइड शोसारखं पुढे सरकतं. दुसरं म्हणजे अशा डब्यांना मागे बहुधा व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय नसतो. साधा कन्व्हर्टर लावून ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) फोर-के निघत नाही. म्हणजे कार्डाकडून कामं दोनच: एचईव्हीसी उलगडणं आणि एचडीएमआय २.० (६० हर्ट्झचं फोर-के नेणारी आवृत्ती) देणं. गेमिंगचे आकडे इथे पूर्ण निरुपयोगी.

दुकानात मात्र सगळं ‘किती जीबी’वर विकलं जातं. ‘जीटी ७१० घ्या, टू जीबी आहे, फोर-के चालतं’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. चालतं, पण ३० हर्ट्झला, कारण त्याचा एचडीएमआय १.४ आहे; आणि एचईव्हीसी त्यालाही येत नाही. ७३० ची तीच गत. १०३० ही २०१७ सालची पास्कल पिढी: एचईव्हीसी १०-बिट आणि व्हीपी९ (यूट्यूब वापरतं ती पद्धत) दोन्ही उलगडतं, ३० वॉट खातं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. मात्र याच नावाने २०१८ मध्ये डीडीआर४ मेमरीचं कार्डही आलं. जीडीडीआर५ ची बँडविड्थ, म्हणजे माहिती ने-आण करण्याचा वेग, सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ ची १६.८. फुल एचडीला फरक कळत नाही. फोर-के एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटांचं चित्र) साध्या टीव्हीसाठी एसडीआरमध्ये, म्हणजे नेहमीच्या छटांत, उतरवताना डीडीआर४ वालं मान टाकतं. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढं वाचून घ्या. वापरलेलं कार्ड घेत असाल तर दुकानातच जीपीयू-झेड चालवायला सांगा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली कार्डं बाजारात फिरतात, आणि त्यातली बरीचशी हा प्रोग्राम ओळखतो.

बसवणं दहा मिनिटांचं काम. लो-प्रोफाइल पट्टी (बुटक्या डब्यात कार्ड बसवायची) खोक्यात आहे ना ते मात्र आधी बघा, नंतर सुटी मिळवताना जीव जातो. कार्ड घालण्याआधी जुन्या व्हीजीएवरच बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) शेवटच्या आवृत्तीला आणा. जुन्या बायोसवर स्क्रीन काळी राहण्याची तक्रार या मशीनांत नेहमीची आहे. डबा उघडलाच आहे तर सीआर२०३२ सेल बदला, प्रोसेसरची वाळलेली पेस्ट काढून नवी लावा आणि रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अशी मशीन्स अचानक बीप देऊन बसतात, तेव्हा बहुतेक वेळा रॅम किंवा कार्ड काढून परत बसवलं की काम होतं.

आता टीव्ही. बरेच टीव्ही एचडीएमआयला पूर्ण वेग आपणहून देत नाहीत. एलजीवर ‘डीप कलर’, सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, तो त्या त्या पोर्टसाठी चालू करावा लागतो. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’. काळा रंग धुरकट दिसला किंवा काळ्या केसांचा नुसता गोळा झाला, तर रेंजचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांचा, घोळ आहे: ड्रायव्हर, कोडी आणि टीव्ही तिघांनीही एकतर ०–२५५ धरावं, नाहीतर १६–२३५.

खरी मजा रिफ्रेश रेटमध्ये (सेकंदाला पडद्यावर किती वेळा चित्र येतं) आहे, आणि बहुतेक लोक तिथेच सोडून देतात. आपल्याकडचं प्रसारण २५ फ्रेमचं, सिनेमे २४ चे, आणि विंडोज टीव्हीला देतं ६० हर्ट्झ. ६० ला २५ ने भागलं की २.४ येतात, म्हणजे काही फ्रेम दोनदा, काही तीनदा, असा लंगडा हिशोब. बातम्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये खालची पट्टी बघा: अक्षरं सरळ सरकत नाहीत, ठेचकाळत जातात. लोक याला ‘कार्ड कमी पडतंय’ म्हणतात. कार्डाचा काही संबंध नाही. कोडीत प्लेअरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट जुळवण्याचा पर्याय ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ करा. मग सेटिंगची पातळी ‘एक्सपर्ट’ करून डिस्प्लेच्या व्हाइटलिस्टमध्ये (चालणाऱ्या रेटांची यादी) २३.९७६, २४, २५, ५० आणि ६० टिका, फुल एचडी आणि फोर-के दोन्हींसाठी. विंडोजचा डेस्कटॉप फुल एचडीवरच ठेवा. मेनू चपळ राहतो, आणि फोर-के फाइल लावली की कोडी स्वतः फोर-केला जातं. रेट बदलताना टीव्ही दोन-तीन सेकंद काळा पडतो. तेवढा थांबा कोडीत घातला नाही तर पहिला संवाद गिळला जातो.

मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेल्या एव्हीआय फाइली टीव्हीचा यूएसबी प्लेअर सहसा घेतच नाही. इथे त्या नुसत्या प्रोसेसरवर निघतात. त्या इंटरलेस्ड असतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) वाटलेली असते, म्हणून ती जोडणारं डीइंटरलेस चालू हवंच, नाहीतर अक्षता टाकणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दात दिसतात. त्यातही डीव्हीत खालची फील्ड आधी येते. फाइल मध्ये कुणी चुकीच्या क्रमाने रूपांतरित केली असेल तर चित्र मागेपुढे थरथरतं. तो बिघाड फाइलमधला, प्लेअर बदलून जात नाही.

आवाजासाठी कोडीत डायरेक्टसाउंड नको, वासापीचं यंत्र (विंडोजचा दुसरा आवाजमार्ग) निवडा. पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता तसाच टीव्हीला देणं, त्यावरच मिळतो. सॅमसंगच्या २०१८ पासूनच्या टीव्हींत डीटीएस (सिनेमांतल्या आवाजाची एक पद्धत) नाही, त्यामुळे काही सिनेमे मुके वाटतात. डीटीएसचा पासथ्रू बंद करा, कोडीच ते उलगडून देईल. मराठी सबटायटल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली असावीत आणि फॉन्ट देवनागरी असलेला निवडावा, नाहीतर नुसते चौकोन दिसतात.

रोजचा खरा त्रास वेगळाच आहे: आधी मशीन आणि मग टीव्ही लावला की कधी कधी रिझोल्यूशन घसरतं आणि आवाज गायब होतो, कारण सुरू होताना कार्डाला समोर टीव्हीच सापडत नाही. टीव्ही आधी लावणं हा फुकटचा उपाय; विकतचा म्हणजे मध्ये बसून टीव्ही जोडलेलाच आहे असं कार्डाला भासवणारा ईडीआयडी डोंगल. टीव्हीच्या रिमोटवर कोडी चालेल ही आशाही सोडा. पीसीची कार्डं एचडीएमआय-सीईसी (रिमोटचे हुकूम एचडीएमआय केबलमधून नेणारी सोय) देत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी रिमोट पुरतो. त्याने झोपलेलं मशीन जागं व्हायला हवं असेल तर बायोसमध्ये ‘यूएसबी वेक’ चालू आणि ‘डीप स्लीप’ बंद.

नेट शक्यतो केबलने द्या. या डब्यांचा लॅन पोर्ट गिगाबिटचा असतो, तर कित्येक महागड्या टीव्हींचा अजून १०० मेगाबिटचाच, आणि घरच्या सर्व्हरवरच्या मोठ्या फोर-के फाइली त्यात अडकतात.

विजेचं फारसं भय नको. प्लगच्या मीटरवर व्हिडिओ चालू असताना साधारण ३५ वॉट दिसतात. रोज पाच तास धरले तर महिन्याला सव्वापाच युनिट. रात्रंदिवस तसंच चालू ठेवलं तर मात्र २५ युनिटांवर जातं, आणि बिल बेस्टचं असो, अदानीचं की टाटाचं, तेवढ्याने वरचा स्लॅब लागू शकतो. बिनपंख्याचं कार्ड ऐकायला छान, पण टीव्हीखालच्या बंद कपाटात ते तापतं. कपाटाची पाठ कापा किंवा पंख्याचं घ्या.

कमी पडतं ते एव्ही१ या आणखी नव्या व्हिडिओ पद्धतीत. यूट्यूब हल्ली तेच पुढे करतं, आणि १०३० ला ते येत नाही. ब्राउझरमध्ये एव्ही१ अडवणारं एक्स्टेंशन टाकलं की व्हीपी९ मिळतं आणि फोर-के सुरळीत चालतं, पण ही मलमपट्टी झाली. चौथ्या पिढीचं मशीन मिळत असेल तर थोडे जास्त देऊन तेच घ्या: त्यात एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या जलद आज्ञांचा संच) आहे, त्यामुळे प्रोसेसरवर एव्ही१ उलगडणं बरंच हलकं जातं. नेटफ्लिक्सचं फोर-के एनव्हिडियावर किमान ३ जीबी मेमरी मागतं, म्हणजे इथे विषयच संपला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिसऱ्या पिढीला ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे या मशीनवर बँकेचं काम करू नका.

‘मग नवं कार्ड का नको?’ असं विचाराल, तर एएमडीच्या रॅडिऑन आरएक्स ६४०० लाही एव्ही१ येत नाही. इंटेलच्या आर्क ए३१० आणि ए३८० ला येतं, पण त्यांच्यासाठी इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनचं मशीन सांगते.