सामाईक विहीर की नदीवरची पाणी संस्था?

करवीरच्या पाव्हण्यांचा प्रश्न: दोन एकर उसाला वाडवडिलांच्या विहिरीत मोटर सोडू, की भोगावती नदीवरून पाणी उचलून सभासदांना देणाऱ्या संस्थेचा सभासद होऊ?

हक्काचं बघा. नदीचं पाणी सरकारचं. उपशाला पाटबंधारे खात्याची परवानगी आणि पाणीपट्टी लागते. राधानगरी धरणाचं पाणी सुटतं, बंधाऱ्याला पाणी अडवायला बरगे (फळ्या) असतात, म्हणून भरवसा आहे; पण उन्हाळ्यात उपसाबंदी (नदीतून पाणी उचलायला मनाई) लागली की ऊस डोळ्यांदेखत वाळतो.

विहिरीला पाणीपट्टीची कटकट कमी, भाऊबंदकी जास्त. आमच्यात पाळ्या तोंडीच ठरलेल्या. चुलत्यांनी साडेसात एचपीची मोटर बसवली आणि आमची बुधवारची पाळी यायच्या आत, मंगळवारी रात्रीच पाणी आटून फुटव्हॉल्व्ह (पाइपाचं खालचं तोंड) उघडा पडायला लागला. सातबाऱ्याच्या इतर हक्कात आमचा हिस्साच नव्हता. दाद मागायची कशाच्या जोरावर?

खर्च? संस्थेत शेअर्स आणि वार्षिक आकारणी, विहिरीला केबल, जळालेल्या मोटरचं रिवायंडिंग आणि मोटर साडेसात एचपीच्या वर असेल तर वीजबिल. फार फरक नाही.

हिस्सा, पाळी आणि मोटरची एचपी लेखी असेल, झरे एप्रिलमध्येही टिकत असतील, तर विहीर घ्या. हिस्सेदार चार-पाच असतील आणि कागद नसेल, तर संस्थाच बरी.